जुन्या मोटारीच्या इंजिनाला सुपरचार्जर : आधी हिशेब, मग पाना

जुन्या मोटारी जपून ठेवणे आणि त्या रस्त्यावर चालवणे हा ब्रिटनमधील मोठा शौक आहे. या शौकावर तेथील गॅरेजवाले, लेथवाले, रेडिएटर दुरुस्त करणारे, सीट शिवणारे अशा कितीतरी कारागिरांची रोजी चालते. या मोटारींच्या मालकांची एक मागणी वारंवार येते. गाडी जुनीच राहावी, पण पिकअप वाढावा. त्यावरचा एक जुना व खात्रीचा उपाय म्हणजे इंजिनाला सुपरचार्जर बसवणे.

काम दिसायला सोपे आहे. ब्रॅकेट बसवला, पुली लावली, पट्टा चढवला की झाले, असे वाटते. पण हिशेब न करता बसवलेला सुपरचार्जर इंजिन फोडतो. गिऱ्हाइकाचा पैसा जातो आणि मिस्त्रीचे वर्षानुवर्षांचे नाव एका दिवसात जाते. म्हणून हे काम कोणत्या क्रमाने करावे आणि त्यामागचा हिशेब काय, ते आज पाहू.

उदाहरणासाठी एमजीबी ही मोटार घेऊ. ती इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात तयार होत होती आणि पाच लाखांवर गाड्या निघाल्या. तिचे १७९८ सीसीचे इंजिन ‘बी सिरीज’ या घराण्यातले. आपल्या मिस्त्री मंडळींना हे घराणे परके नाही. पेट्रोल अ‍ॅम्बॅसिडरचे १४८९ सीसीचे इंजिन याच घराण्यातले होते. दोन्हींचा स्ट्रोक ८८.९ मिलिमीटर, फरक बोअरचा. अ‍ॅम्बॅसिडरचा बोअर ७३ मिलिमीटरच्या आसपास, तर एमजीबीचा ८०.२६. त्यामुळे ज्याने अ‍ॅम्बॅसिडरचे हेड उतरवले आहे, त्याला पुढचे सगळे समजेल.

सुपरचार्जर करतो काय?

लोहाराचा भाता सर्वांनी पाहिला आहे. कोळसा तोच, पण भात्याचा वारा मिळाला की आच वाढते. इंजिनातही तेच आहे. पिस्टन खाली जाताना जेवढी हवा आपोआप आत येते, तेवढीच इंजिनाला मिळते. साध्या जुन्या इंजिनात सिलिंडर पूर्ण भरतही नाही, ८०-८५ टक्क्यांच्या आसपास भरतो. सुपरचार्जर हा पट्ट्यावर फिरणारा भाता आहे. तो जास्त हवा आत ढकलतो. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त जाळता येते आणि म्हणून ताकद जास्त मिळते. टर्बोचार्जर हेच काम सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर करतो, तर सुपरचार्जर क्रँकच्या जोरावर. त्यामुळे सुपरचार्जरचा परिणाम कमी फेऱ्यांवरही लगेच जाणवतो. जुन्या, सावकाश फिरणाऱ्या इंजिनाला तो मानवतो.

आज सर्वांत जास्त वापरात असलेला प्रकार ‘रूट्स’ नावाने ओळखला जातो. अमेरिकेतील इंडियाना राज्यात कॉनर्सव्हिल येथे रूट्स आडनावाच्या दोन भावांनी १८६० मध्ये त्याचे पेटंट घेतले. तेव्हा मोटारी नव्हत्या. भट्ट्यांना आणि खाणींना वारा पुरवण्यासाठी हे यंत्र वापरले गेले. त्यात एकमेकांत गुंतून फिरणारे दोन रोटर असतात. ते आतमध्ये हवा दाबत नाहीत, फक्त एका बाजूची हवा उचलून दुसऱ्या बाजूला टाकतात. इंजिन जेवढी हवा घेऊ शकते त्यापेक्षा जास्त पोचली की मॅनिफोल्डमध्ये दाब तयार होतो. हा मुद्दा पक्का लक्षात ठेवावा. दाब सुपरचार्जरमध्ये ‘भरलेला’ नसतो. तो सुपरचार्जरचे माप, इंजिनाचे माप आणि पुलीचे प्रमाण या तिघांतून ठरतो.

एक जुना धडा

विक्रीच्या मोटारींना सुपरचार्जर देण्याची सुरुवात जर्मनीच्या मर्सिडीजने १९२१ मध्ये केली. एमजीच्या के-३ मॅग्नेट या सुपरचार्जर लावलेल्या छोट्या गाडीने १९३३ मध्ये इटलीच्या मिले मिलिया शर्यतीत आपल्या गटात बाजी मारली. त्यामुळे एमजीला सुपरचार्जर लावणे ही परंपरेला सोडून असलेली गोष्ट नाही.

पण बेंटलेची हकिकत याच्या उलट आहे. बेंटलेच्या साडेचार लिटरच्या इंजिनाला १९२९ च्या सुमारास सुपरचार्जर बसवला गेला. ताकद ११० वरून १७५ अश्वशक्तीपर्यंत गेली. या गाडीचे नाव आजही घेतले जाते. मात्र कंपनीचे संस्थापक डब्ल्यू. ओ. बेंटले यांचा या कल्पनेला विरोध होता. इंजिनच मोठे करावे, असे त्यांचे मत होते. १९३० च्या ल माँ शर्यतीत सुपरचार्जरवाल्या दोन्ही बेंटले मध्येच बंद पडल्या आणि जिंकली ती बेंटलेचीच साडेसहा लिटरची साधी गाडी. सुपरचार्जर वाईट, असा याचा अर्थ नव्हे. जादा हवा सोसण्याइतके बाकीचे इंजिन मजबूत नसेल तर ताकद कागदावरच राहते, एवढाच अर्थ.

पहिले काम : इंजिन तपासा

जुने, झिजलेले इंजिन सुपरचार्जरने सुधारत नाही, लवकर मरते. म्हणून पाना उचलण्यापूर्वी एवढे तपासावे.

चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजा. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांत दहा टक्क्यांहून अधिक फरक असेल तर आधी ते काम करा. थोडे इंजिन ऑइल सिलिंडरमध्ये टाकून पुन्हा मोजा. दाब वाढला तर रिंग झिजल्या आहेत, वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटचा दोष आहे.

ऑइलचा दाब पाहा. एमजीबीचे इंजिन गरम असताना रस्त्यावर चौरस इंचाला ५० ते ८० पौंड आणि आयडलिंगला १० ते २५ पौंड दाब हवा. १९६४ पर्यंतच्या एमजीबीला क्रँकची तीन मुख्य बेअरिंग होती, त्यानंतर पाच आली. जादा जोराच्या कामाला पाच बेअरिंगचे इंजिन बरे.

हेड उतरवून पाहा. या इंजिनात मधल्या दोन सिलिंडरचा धूर एकाच वाटेने बाहेर जातो. त्यामुळे तो भाग सर्वांत जास्त तापतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटजवळ चिरा पडतात. हेडला चीर असेल तर ते हेड या कामाला घेऊ नये.

दुसरे काम : पुलीचा हिशेब

हा पाठाचा गाभा आहे. कागद-पेन्सिल घेऊन सोडवून पाहावा.

चार स्ट्रोकचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण हवा घेते. म्हणून १७९८ सीसीचे इंजिन एका फेरीला ८९९ सीसी हवा घेईल. पण सिलिंडर ८५ टक्केच भरतो असे धरले, तर प्रत्यक्षात ७६४ सीसी. आपल्याला यापेक्षा २५ टक्के जास्त हवा द्यायची आहे. म्हणजे ९५५ सीसी.

आता सुपरचार्जर. जुन्या गाड्यांना आज अनेक ठिकाणी ईटन कंपनीचा एम-४५ बसवतात. २००१ नंतरच्या मिनी कूपर एस गाडीत हाच असे. नावातला ४५ हा आकडा घनइंचांचा आहे. एका फेरीला ४५ घनइंच, म्हणजे ७३७ सीसी हवा तो पुढे ढकलतो. फटीतून थोडी हवा मागे येते, म्हणून ८५ टक्के धरू. उरतात ६२६ सीसी.

९५५ ला ६२६ ने भागा. उत्तर येते १.५३. म्हणजे क्रँक एकदा फिरला की सुपरचार्जर दीड फेरीहून किंचित जास्त फिरला पाहिजे. क्रँकची पुली १३० मिलिमीटरची असेल तर सुपरचार्जरची पुली ८५ मिलिमीटरची हवी. इंजिन ५५०० फेऱ्यांवर असताना सुपरचार्जर सुमारे ८४०० फेऱ्यांवर असेल. हा आकडा निर्मात्याने दिलेल्या मर्यादेच्या आत आहे ना, ते तपासावे.

आता पुली ८५ ऐवजी ६५ मिलिमीटरची खरादली, तर काय होईल? प्रमाण २ होईल. हवा १२५२ सीसी जाईल, म्हणजे २५ ऐवजी जवळपास ६४ टक्के जास्त. लेथवरच्या २० मिलिमीटरच्या फरकाने इंजिनाचा जीव जातो, तो असा.

तसेच एका गाडीची पुली काढून दुसऱ्या गाडीला लावू नये. हाच हिशेब १४८९ सीसीच्या इंजिनासाठी केला तर एका फेरीची हवा ६३३ सीसी येते, २५ टक्के वाढवून ७९१. प्रमाण येते १.२६ आणि पुली १०३ मिलिमीटरची. सुपरचार्जर तोच, पण पुली वेगळी.

तिसरे काम : दाब, उष्णता आणि कॉम्प्रेशन

वरच्या हिशेबाने मॅनिफोल्डमध्ये चौरस इंचाला सुमारे ६ पौंड जादा दाब यावा. वातावरणाचा दाब १४.७ पौंड असतो. म्हणजे एकूण दाब सुमारे ४० टक्क्यांनी वाढला. मग ताकदही ४० टक्के वाढेल का? नाही. हवा दाबली की तापते. बाहेरची हवा ३० अंशांची असेल, तर ६ पौंडांवर ती ८०-९० अंशांपर्यंत जाऊ शकते. तापलेली हवा विरळ असते. शिवाय सुपरचार्जर फिरवायला पाच-सहा अश्वशक्ती तरी इंजिनाचीच खर्च होते. म्हणून गिऱ्हाइकाला गेजवरचा दाब दाखवून ताकदीचे आश्वासन देऊ नये.

कॉम्प्रेशनचा ढोबळ हिशेब असा. एमजीबीचे नेहमीचे कॉम्प्रेशन ८.८ आहे. त्याला १.४१ ने गुणले की १२.४ च्या आसपास आकडा येतो. लोखंडी हेडच्या इंजिनाला पंपावरच्या साध्या पेट्रोलवर हे जड जाते. एमजीबीसाठी ८.० कॉम्प्रेशनचे पिस्टनही होते. त्यांच्याबरोबर आकडा ११.३ येतो. इंजिन नव्याने बांधायचेच असेल तर हे पिस्टन घालावेत. ८.८ वरच काम करायचे असेल तर दाब ५-६ पौंडांच्या वर नेऊ नये, चांगल्या ऑक्टेनचे पेट्रोल वापरावे आणि टायमिंगकडे दुप्पट लक्ष द्यावे.

चौथे काम : कार्बोरेटर आणि पेट्रोल

कार्बोरेटर सुपरचार्जरच्या आधी बसवता येतो किंवा नंतर. आधी बसवला तर सुपरचार्जर कार्बोरेटरमधून हवा-पेट्रोल ओढतो. एसयू कार्बोरेटर या पद्धतीला फार सोयीचा. दोन छोटे काढून पावणेदोन इंची एकच एसयू लावतात. पेट्रोलची वाफ होताना हवा थोडी थंड होते, हा आणखी फायदा. मात्र सुपरचार्जर आणि मॅनिफोल्ड यांत पेटणारे मिश्रण भरलेले असते. इंजिनाने उलटा भडका घेतला तर नुकसान होते. म्हणून मॅनिफोल्डवर स्प्रिंगची सेफ्टी व्हॉल्व्ह बसवलीच पाहिजे.

कार्बोरेटर नंतर बसवला तर त्याच्यावर दाब येतो. मग पेट्रोल पंपाचा दाबही त्या प्रमाणात वाढवावा लागतो, नाहीतर नेमके जोराच्या वेळी पेट्रोल कमी पडते. नवख्याने पहिली पद्धत धरावी.

एसयूची सुई बदलावी लागते. जोर असताना मिश्रण एका भाग पेट्रोलला बारा ते साडेबारा भाग हवा, एवढे घट्ट हवे. हे कानाने किंवा प्लगच्या रंगाने नेमके कळत नाही. सायलेन्सरच्या पाइपात ऑक्सिजन सेन्सर लावून मीटरवर पाहावे.

दोन नळ्या विसरू नयेत. ब्रेक सर्व्होची नळी मॅनिफोल्डला जोडलेली असेल तर मध्ये एकाच दिशेने हवा सोडणारी व्हॉल्व्ह हवी, नाहीतर दाब सर्व्होमध्ये शिरतो. आणि क्रँककेसची ब्रीदर नळी सुपरचार्जरच्या आधीच जोडावी. ती पुढे जोडली तर दाब क्रँककेसमध्ये जाऊन सगळ्या ऑइल सीलमधून ऑइल बाहेर येते.

पाचवे काम : डेल्को आणि प्लग

जास्त भरलेले मिश्रण लवकर पेटते. म्हणून करंट थोडा उशिरा द्यावा लागतो. ढोबळ नियम असा की दर पौंड दाबाला एक अंश टायमिंग मागे. पूर्ण अ‍ॅडव्हान्स ३२ अंश असेल तर ६ पौंडांवर तो २६ च्या आसपास आणावा. पण सगळेच टायमिंग मागे ओढले तर हलक्या जोरावर गाडी सुस्त होते आणि पेट्रोल खाते. दाबानुसार मागे येणारा डेल्को किंवा हल्ली मिळणारा इलेक्ट्रॉनिक डेल्को हा त्यावरचा योग्य उपाय.

प्लग एक नंबर थंड घ्यावा. येथे पुष्कळांची चूक होते. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, चॅम्पियनमध्ये आकडा कमी झाला की थंड. एमजीबीला एनजीकेचा ६ नंबर चालतो, तेथे ७ घ्यावा. गॅप नेहमीच्या २५ थाउपेक्षा किंचित कमी ठेवावी.

सहावे काम : पट्टा, ब्रॅकेट आणि पाणी

जुना व्ही पट्टा येथे घसरतो. बारीक रेघांचा रुंद पट्टा वापरावा आणि सुपरचार्जरच्या पुलीला तो जास्तीत जास्त वळसा घालील असा टेन्शनर बसवावा. सर्व पुल्या एका रेषेत आहेत की नाही हे सरळ पट्टी लावून पाहावे. ब्रॅकेट जाड आणि पक्का हवा. तो हलला तर पट्टा तुटतो. पट्टा गरजेपेक्षा ताणला तर क्रँकचे पुढचे बेअरिंग जाते.

रेडिएटर साफ, थर्मोस्टॅट चालू, पंप गळका नाही, एवढे आधी करून घ्यावे. जादा ताकदीबरोबर जादा उष्णता येणारच. ब्रेक आणि क्लचही तपासावेत. गाडी लवकर पळायला लागली की ती लवकर थांबलीही पाहिजे.

चाचणी

पहिल्या दिवशी पूर्ण जोर देऊ नये. बूस्ट गेज लावावा आणि हिशेबातले ६ पौंड प्रत्यक्षात येतात का ते पाहावे. कमी आले तर पट्टा घसरतो आहे किंवा कोठे गळती आहे. जास्त आले तर पुली पुन्हा मोजा. चढावर डब्यात छर्रे हलवल्यासारखा आवाज आला तर ताबडतोब पाय उचला. ते नॉकिंग आहे. थोडा वेळ जरी चालले तरी पिस्टनच्या रिंगांमधला भाग तुटतो. प्लग काढून पाहा. चिनीमातीवर चकचकीत बारीक कण दिसले तर ते पिस्टनचे अ‍ॅल्युमिनियम आहे.

कायदा आणि व्यवहार

ब्रिटनमध्ये असा बदल विमा कंपनीला कळवावा लागतो. आपल्याकडे नियम अधिक कडक आहेत. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील निर्मात्याच्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. जुलै २०२१ मध्ये आलेल्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण ती मूळ स्वरूपात हवी. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात बदल केलेला चालत नाही. म्हणून आपल्या गिऱ्हाइकाने हे काम मागितले तर पैसे घेण्यापूर्वी त्याला हे सांगणे आपले कर्तव्य आहे. आरटीओकडे विचारणा केल्याशिवाय कामाला हात लावू नये.

काम परदेशात असो वा येथे, तीन गोष्टी पाळाव्यात. ब्लॉक, हेड किंवा चॅसिसला नवे भोक पाडू नये. सगळे बोल्टवर बसावे आणि बोल्टवरच निघावे. काढलेले कार्बोरेटर, मॅनिफोल्ड, पुली व डेल्को चिठ्ठी लावून गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यावेत. जुन्या गाडीची किंमत तिच्या मूळ भागांत असते. आणि तपासणीचे आकडे, पुलीची मापे, टायमिंग व गेजवरचा दाब एका कागदावर लिहून त्याची एक प्रत गिऱ्हाइकाला द्यावी, एक आपल्याकडे ठेवावी. पुढे तक्रार आली तर हा कागद कामी येतो. तक्रार आली नाही तर पुढच्या गाडीचा हिशेब त्यावरूनच मांडता येतो.